ब्राउन बेल्ट बांधायचा की व्हाइट?

मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात पत्ता सांगताना लोक मैल सांगतात. मेपल रोड म्हणजे १५ मैल, बिग बीव्हर १६, वॉटल्स १७, लाँग लेक १८. डेट्रॉईटच्या मध्यापासून उत्तरेकडे मोजत आलेले हे सरळसोट रस्ते, आणि त्यांच्या कडेने दुकानांच्या बैठ्या ओळी. ड्रायक्लीनर, दातांचा दवाखाना, पिझ्झा, आणि मध्येच एखाद्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘कराटे’. संध्याकाळी तिथे गाड्यांची रांग लागते. मुलं कराटेचा गी घालून आत जातात, आईवडील बाकावर बसतात. त्या बाकांवर मराठी माणसंही असतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी ठाण्यापुण्यात, नाशिक-नागपुरात शाळेच्या मैदानावर स्वतः कराटे केलेलं असतं.

मी त्यांतलीच एक. ठाण्यात ब्राउन बेल्टपर्यंत पोचले, मग इंजिनिअरिंग, लग्न, मुलं आणि हा देश. आता चाळिशी सरताना पुन्हा सुरू करायचं मनाने घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो जागेचा. कुठल्या दोजोत, म्हणजे कराटेच्या कुठल्या वर्गात जायचं? माझे धाकटे दीर मुंबईत शोतोकान शैलीचं कराटे शिकले, ब्लॅक बेल्ट झाले, इथे आल्यावरही त्यांनी सराव सोडला नाही. त्यांचं मत ठाम आहे, आणि माझंही. फेब्रुवारीत बाहेर चालण्याची सोय नसते, म्हणून आम्ही सॉमरसेट कलेक्शनमध्ये फेऱ्या मारत होतो. बिग बीव्हरवरच्या काचेच्या पुलावरून पलीकडे जायचं, परत यायचं. त्या दुपारचं हे बोलणं. ज्यांच्या घरी कपाटाच्या तळाशी जुना बेल्ट गुंडाळून ठेवलेला आहे, त्यांच्यासाठी ते लिहून ठेवते आहे.

भाऊजी: वहिनी, तुम्ही शोतोकान शिकलात. मग शोधही शोतोकानचाच घ्या. बाकीच्या पाट्या वाचायच्या कशाला?

मी: शोतोकानचं जे ठिकाण तुम्हाला पसंत आहे ते पाऊण तासावर आहे म्हणून.

भाऊजी: पाऊण तास काही फार नाही. नोव्हीच्या बाजूलाही बघा. गाड्यांच्या कंपन्यांमुळे तिकडे जपानी कुटुंबांची मोठी वस्ती झाली आहे. डेट्रॉईटची जपानी शाळा १९७३ साली निघाली, तीही आता नोव्हीतच आहे. जपानी आईबाप स्वतःच्या मुलांना कुठे पाठवतात ते विचारा आणि तिथे जा.

मी: मी साडेपाचला ऑफिसमधून निघते. ऑक्टोबरात जे पाऊण तासाचं अंतर आहे ते बर्फात सव्वा तासाचं होतं. मग एक वार चुकतो, पुढच्या आठवड्यात दुसरा चुकतो, आणि मार्चमध्ये आपण फक्त फी भरत असतो. माझ्या वयाच्या बायकांची कराटेची आवड संपलेली नसते, भाऊजी. घरचं सगळं उरकून जो वेळ उरतो तो गाडीतच जातो.

भाऊजी: कोल्हापुरात पोरं पहाटे चारला तालमीत उतरतात. कुठल्या कुठल्या गावांहून येतात. अंतराचं कारण त्यांनी सांगितलं असतं तर?

मी: ती पोरं तालमीतच राहतात की! गंगावेस तालीम घ्या, मोतीबाग घ्या. तिथेच झोपायचं, तिथेच स्वयंपाक, आणि वस्ताद चोवीस तास डोळ्यांसमोर. आखाडा दहा पावलांवर असतो. माझ्या मुद्द्याला तुम्हीच आधार दिलात.

भाऊजी: ठीक आहे, अंतर बाजूला ठेवू. खरी गोष्ट परंपरेची आहे. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले. त्यांच्या शिष्यांनी १९४९ साली जपान कराटे असोसिएशन उभी केली. तिथून तयार झालेले शिक्षक जगभर गेले. या देशात १९६१ मध्ये निशियामा लॉस एंजलिसला आले, ओकाझाकी फिलाडेल्फियाला. अशा माणसाकडून शिकलेल्या माणसाकडे जेव्हा तुम्ही शिकता, तेव्हा कात्यात, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत, हात त्याच कोनात का थांबतो याचं उत्तर त्याच्याकडे असतं. नाही तर इथला इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. रॉबर्ट ट्रायसने १९४६ मध्ये फिनिक्सला वर्ग सुरू केला, पुढे ओकिनावाच्या तळांवरचे मरीन सैनिक वर्ष-दीड वर्षाच्या नेमणुकीत जेवढं शिकता येईल तेवढं शिकले आणि परत येऊन त्यांनी शाळा काढल्या. शिष्यांनी आणखी शाळा काढल्या. प्रत्येक पिढीत थोडं गळलं, थोडं मनाने घातलं गेलं. आणि कितीतरी पाट्यांवर ‘कराटे’ लिहिलेलं असतं, आत शिकवतात कोरियन तांग सू डो किंवा तायक्वांदो. अमेरिकन माणसाला कराटे हा शब्द माहीत आहे म्हणून पाटी तशी.

मी: यातलं सगळं खरं आहे. पण तुम्ही ज्याला मूळ शोतोकान म्हणता तेही बदललेलंच आहे. फुनाकोशींच्या १९२५च्या पुस्तकातली छायाचित्रं बघा. ते किती उंच, सुटसुटीत उभे आहेत! आपल्याला शिकवलेलं ते लांब, खाली बसलेलं झेनकुत्सू त्यांचं नाहीच म्हणायला हवं. त्यांचा मुलगा गिगो तरुण होता, जोरकस होता, त्याच्या काळात पवित्रे लांबले. तो १९४५ मध्ये गेला. म्हणजे ठाण्यात सरांनी माझ्या मांडीवर काठी टेकवून ‘अजून खाली’ म्हटलं, ती परंपरा फुनाकोशींच्या उतारवयात त्यांच्या मुलाने घडवलेली.

भाऊजी: बदल झाला, पण जाणत्या माणसाने केला. ते आणि कुणीतरी मनाला आलं म्हणून हात फिरवला, हे एक नाही.

मी: ते मान्य. बदल कोणी केला, का केला, हे विचारलंच पाहिजे. पण विचारायचं ते समोरच्या शिक्षकाला. पाटीवरून उत्तर मिळत नाही. मी इथल्या एका वर्गात जाऊन बसले होते. पाटी कराटेची, आत तांग सू डो. मुलांनी पहिला फॉर्म सुरू केला आणि माझे पाय बाकाखाली हलायला लागले. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, पुढे पाऊल, पंच. अहो, हेइआन! ते त्याला प्योंग आन म्हणतात. ओकिनावात इतोसू नावाच्या गुरूंनी बांधलेले काते जपानमार्गे कोरियात गेले, तिथून मिशिगनला आले, आणि ठाण्यात शिकलेल्या बाईला ओळखता आले. त्या क्षणी मला फार आनंद झाला. आपण ज्याला परकं म्हणून पाटीवरूनच नाकारतो, त्याच्या पोटात आपलंच काहीतरी निघतं.

भाऊजी: आणि गोंधळही निघतो. ओकिनावाच्या शैलींत गेलात तर तुमचा हेइआन शोदान तिथे पिनान निदान असतो. फुनाकोशींनी पहिल्या दोघांचा क्रम उलटवला. तीसेक वर्षांपूर्वी अंगात बसलेली हालचाल अर्धी तशीच, अर्धी वेगळी करायची, हे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड आहे. परीक्षेच्या दिवशी अंग जुन्या वाटेने जातं. मी हे भोगलेलं आहे म्हणून सांगतो.

मी: हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की माझे गुडघे सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. किबा-दाचीत मांड्या जमिनीला समांतर ठेवून उभं राहायचं, गुडघे आत न झुकू देता, हे मी सतराव्या वर्षी करत होते. आज तसं केलं तर गुडघा आत वळतोच आणि सांध्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. ओकिनावाच्या कित्येक शैलींत पवित्रा आखूड असतो, कमरेतून फिरायचं असतं. माझ्या शरीराला ते आज झेपेल. शैली बदलणं ही बेइमानी कशी?

भाऊजी: बेइमानी मी म्हटलं नाही.

मी: पण मनात आहे.

भाऊजी: थोडी आहे. बरं, शरीराचं म्हणालात तर ऐका. परत येणाऱ्या माणसाला दम लागतो, स्नायू दुखतात, त्याची भीती नाही. दोन महिन्यांत दम येतो, स्नायू तयार होतात. नेमका तिथेच धोका आहे. स्नायू लवकर सुधारतो, कंडरा फार हळू. टाचेमागची कंडरा अजून तयार नसते आणि डोक्याला वाटतं, आपण पूर्वीसारखे झालो. मग एक दिवस उडी मारून माए-गेरीची लाथ, आणि टाचेत कळ. माझ्या ओळखीत असे लोक आहेत. म्हणून मी म्हणतो, शिक्षक अनुभवी हवा. ज्याने स्वतः चाळिशी, पन्नाशी, साठी कराटेत काढली आहे असा.

मी: यावर आपलं एकमत आहे. मला वीस-बावीस वर्षांचा चपळ चॅम्पियन नको. मला असा माणूस हवा ज्याचा स्वतःचा खांदा कधीतरी दुखावला आहे आणि त्याने त्यातून वाट काढली आहे. फुनाकोशी टोकियोला आले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. ओकिनावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचे, तिथलं अंगण झाडायचे, पडेल ते काम करायचे आणि कराटे शिकवायचे. ज्या वयात माणसं निवृत्तीचे हिशेब मांडतात त्या वयात त्यांनी नव्या शहरात पहिला वर्ग घेतला. मला हे फार धीर देणारं वाटतं.

भाऊजी: मग तुम्ही त्या लहान मुलांच्या गर्दीत का निघालात? ज्या ठिकाणाबद्दल तुम्ही परवा एवढ्या उत्साहाने बोलत होता, तिथे मी जाऊन आलो. सगळी सात-आठ वर्षांची मुलं. मोठी माणसं चार. हा दोजो म्हणायचा की पाळणाघर?

मी: कराटे शाळेत शिरलं ते मुलांसाठीच, भाऊजी. इतोसूंनी १९०१ मध्ये शुरीच्या प्राथमिक शाळेत ते शिकवायला घेतलं, आणि मग मुलांना झेपतील असे पाच पिनान बांधले. त्याआधी ही विद्या रात्री, अंगणात, दोघाचौघांना मिळायची. मुलांसाठी म्हणून तिची मांडणी झाली, ती उजेडात आली, म्हणून ती तुमच्या-माझ्यापर्यंत पोचली. ठाण्यात तरी काय होतं? शाळेच्या मैदानावर रांगाच रांगा. १९७३ ला ‘एंटर द ड्रॅगन’ आला, त्यानंतरच्या वर्षांत शहराशहरांत वर्ग निघाले. आमच्या वेळेपर्यंत आईवडील मुलींनाही पाठवू लागले होते. त्या मैदानावर माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मोठ्याने ओरडायला सांगितलं. घरी, शाळेत, रस्त्यावर, सगळीकडे ‘हळू बोल’ हेच ऐकलेलं. आणि हे सर म्हणाले, आवाज पोटातून काढ, पलीकडच्या इमारतीला ऐकू जाऊ दे. बारा वर्षांच्या मुलीला त्या एका किआयने काय दिलं ते मी शब्दांत पूर्ण सांगू शकणार नाही. मला परत जायचं आहे ते मुख्यतः त्यासाठी.

भाऊजी: हे तुम्ही कधी बोलला नव्हता.

मी: कुणी विचारलं नव्हतं.

भाऊजी: बहुतेक लोक स्वसंरक्षण म्हणतात.

मी: ते मी म्हणणार नाही. विशेषतः या शहराच्या आसपास राहून नाही. १९८२ मध्ये हायलंड पार्कला व्हिन्सेंट चिनला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं. तो चिनी वंशाचा, सत्तावीस वर्षांचा, लग्न थोड्याच दिवसांवर आलेलं. मारणारे गाड्यांच्या कारखान्यांतले होते. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जात होत्या, तो राग एका चिनी मुलावर निघाला. कोर्टाने त्यांना तुरुंगात पाठवलं नाही. प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. त्याला चांगला पंच येत असता तर तो वाचला असता, असं एखादा शिक्षक म्हणाला, तर मी त्या दोजोतून तिथल्या तिथे उठेन. एकाने धरून ठेवलं होतं आणि दुसऱ्याच्या हातात बॅट होती. जो माणूस तीन महिन्यांत तुम्हाला सुरक्षित करण्याचं वचन देतो, तो माणसांच्या भीतीवर धंदा करतो.

भाऊजी: यावर मी वाद घालणार नाही. पण धंद्याचा विषय निघालाच आहे. वर्षाचा करार, दर दोन-तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, प्रत्येक परीक्षेची वेगळी फी, मध्ये पट्ट्या, वर ब्लॅक बेल्ट क्लब. तुमच्या त्या जवळच्या ठिकाणांपैकी किती अशी आहेत?

मी: एका ठिकाणी वर्ग बघू देण्याआधी करारावर सही मागितली. मी तिथून निघाले. पण फी घेणं हा दोष नाही. या रस्त्यांवर दुकानाचं भाडं द्यायचं, विमा भरायचा, थंडीत हीटर चालवायचा, हे शिक्षकाने कुठून करायचं? महिन्याची फी, हवं तेव्हा थांबण्याची मोकळीक, आणि परीक्षेला किती पैसे पडतील ते आधी सांगणं, एवढं असलं की पुरे. यात मला गहन काही वाटत नाही. सरळ विचारायचं, सरळ उत्तर आलं तर थांबायचं.

भाऊजी: मुलांच्या बाबतीत मात्र फीपेक्षा मोठा प्रश्न असतो.

मी: हो. आणि मिशिगनच्या माणसाने तो कधी विसरू नये. लॅरी नासर इथल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत आणि राष्ट्रीय जिम्नॅस्टिक संघात वर्षानुवर्षं डॉक्टर होता. जानेवारी २०१८ मध्ये लॅन्सिंगच्या कोर्टात दीडशेहून अधिक स्त्रिया आणि मुली त्याच्यासमोर उभ्या राहून बोलल्या. त्यानंतर ऑलिंपिक संघटनांशी जोडलेल्या क्लबांसाठी कायदा कडक झाला. पण एखादा स्वतंत्र दोजो त्या साखळीत असेलच असं नाही. म्हणून पालकांनी स्वतः बघायचं. काच उघडी आहे का, वर्ग बाहेरून दिसतो का, शिक्षक मुलाला एकट्याला थांबवून घेतो का, खांदा सरळ करण्याआधी ‘हात लावू का’ असं विचारतो का. आपल्याकडे गुरूला प्रश्न विचारायचा नाही ही सवय खोल आहे. इथे ती सवय मोडायला हवी, आणि तिथेही.

भाऊजी: तुम्ही एका दमात परंपरेची खूण पुसून टाकता. वर्गात शिरताना वाकणं, सेन्सेईसमोर बोलताना आवाज खाली ठेवणं, हे सगळं त्याच आदरातून येतं. तालमीत माती कपाळाला लावून, मारुतीच्या तसबिरीला हात जोडून आत जातात. तो नमस्कार काढून टाकला तर उरतो फक्त व्यायाम.

मी: वाकणं मला हवंच आहे. मी वाकेन, आणि वाकल्यानंतर विचारेन. ज्या शिक्षकाला दोन्ही चालतं तोच माझा शिक्षक. तालमीतला वस्ताद तरी काय करतो? नव्या पोराला एकदम जोडीला उतरवत नाही. आधी माती उकरायला लावतो, बैठका मारून घेतो, बघतो किती दम आहे, मग स्वतः त्याच्याशी खेळतो आणि स्वतः खाली पडतो, पोराला डाव बसल्याचा विश्वास यावा म्हणून. माझ्या लेखी आदराची जागा ती आहे. वरचा माणूस खालच्यासाठी किती वाकतो, त्यात.

भाऊजी: हे चांगलं बोललात. मग तुम्ही ठरवलंत कशावरून? शैली नाही, वंश नाही, बेल्टचा रंग नाही.

मी: मी प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट बघितली. वर्गातला सगळ्यात मंद विद्यार्थी कोण आहे ते आधी हेरायचं, आणि तासभर त्याच्याकडेच बघत राहायचं. हुशार मुलगा कुठेही चमकतो, त्यावरून दोजो कळत नाही. एका झगमगीत ठिकाणी एक जाडसर मुलगा शेवटच्या रांगेत होता. तासाभरात कुणी त्याच्याकडे फिरकलं नाही. तो चुकीच्या पायावर वळत राहिला, आणि शेवटी सगळ्यांबरोबर त्यालाही ‘शाब्बास’ मिळालं. ते बघून मला वाईट वाटलं. त्याला कुणी फसवत आहे हे त्याला कळत नव्हतं. तुम्ही ज्याला पाळणाघर म्हणालात, तिथे एक पन्नाशीचा गृहस्थ होता, व्हाइट बेल्ट. वळताना तोल जायचा. शिकवणाऱ्या बाईंनी वर्ग थांबवला नाही, मोठ्याने काही म्हटलं नाही. एका ब्राउन बेल्ट मुलीला खूण केली. ती चौदा-पंधराची असेल. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तीच वळणं त्यांच्या गतीने करू लागली. टाच आधी फिरवायची, मग कंबर. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांना जमलं. तिने मान हलवली आणि परत आपल्या जागेवर गेली. त्या मुलीला हे कुणीतरी शिकवलं आहे. काता शिकवणं सोपं आहे, हे शिकवायला वर्षं लागतात. मला तिथे जायचं आहे.

भाऊजी: आणि त्यांची शैली?

मी: ओकिनावाची. शोतोकान नाही.

भाऊजी: त्यांचा सेन्सेई कोण हे विचारलंत?

मी: विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, किती वर्षं त्यांच्याकडे होत्या ते सांगितलं, आणि त्यांना न पटलेल्या दोन गोष्टीही सांगितल्या. तुमच्या परंपरेच्या कसोटीलाही त्या उतरतात, भाऊजी. फक्त ती परंपरा तुमची नाही.

भाऊजी: कुमितेचं काय? मोठ्या माणसांना कुणाशी खेळवतात?

मी: हेल्मेट, हातमोजे, माउथगार्ड सक्तीचे. पहिले काही महिने नव्याला मोकळं कुमिते नाही. स्पर्धेचा फारसा नाद नाही. टोकियोत २०२१ मध्ये कराटे ऑलिंपिकला आलं, पुरुषांच्या कात्याचं सुवर्ण ओकिनावाच्याच कियुनाने घेतलं, तेव्हा सगळीकडे पदकांची स्वप्नं दिसू लागली होती. पॅरिसला ते नव्हतं, २०२८ला लॉस एंजलिसलाही नाही, तिथे क्रिकेट आहे. ज्या दोजोंनी सगळी इमारत पदकावर उभी केली त्यांचं आता अवघड आहे. ज्यांचं लक्ष शेवटच्या रांगेवर होतं त्यांचं काही बिघडलेलं नाही.

भाऊजी: बरं, शेवटचा मुद्दा. बेल्ट कुठला बांधून जाणार?

मी: व्हाइट.

भाऊजी: हे मला अजिबात मान्य नाही. ब्राउन बेल्ट तुम्हाला कुणी भेट दिलेला नाही. उन्हात त्या मैदानावर वर्षानुवर्षं घाम गाळून मिळवला आहे. तो न बांधणं म्हणजे तुमच्या सरांनी दिलेलं नाकारणं.

मी: सरांनी दिलेलं अंगात आहे, बेल्टमध्ये नाही. मुळात बेल्ट ही पद्धतच कराटेची नाही. ज्युदोच्या कानोंनी ‘दान’ या श्रेणी सुरू केल्या, फुनाकोशींनी त्या उचलल्या आणि १९२४ मध्ये पहिले ब्लॅक बेल्ट दिले. त्याआधी ओकिनावात कुणी कमरेकडे बघून पातळी ठरवत नव्हतं. आणि शैली वेगळी आहे. त्यांचे काते मला येत नाहीत. मी ब्राउन बांधून उभी राहिले तर ती चौदा वर्षांची मुलगी मला शिकवायला संकोचेल. मला तिने निःसंकोच शिकवायला हवं आहे.

भाऊजी: आणि त्या शिक्षिकेला तुम्ही काय येतं ते सांगणारच नाही?

मी: सगळं सांगणार. कुठे शिकले, किती शिकले, कधी सोडलं, रक्तदाबाची गोळी कुठली घेते तेही. नंतर त्या म्हणाल्या की ब्राउन बांधा, तर बांधेन. ते त्यांनी ठरवायचं.

भाऊजी: म्हणजे उद्या तुमच्या अंगात त्यांचे काते बसतील आणि शोतोकान पुसलं जाईल. तेक्की, बास्साई, सगळं. ठाण्याचं जे काही उरलं आहे ते जाईल. याचं मला खरंच वाईट वाटतं, वहिनी. तुमच्या सरांनंतर तो काता तसा करणारं या गावात दुसरं कोण आहे?

मी: तुम्ही आहात.

भाऊजी: मी मुंबईचा. थोडा फरक आहे.

मी: तो फरक बघूया ना मग. शनिवारी सकाळी आमच्या बेसमेंटमध्ये या. तुम्ही तुमचा बास्साई करा, मी माझा, जेवढा आठवतो तेवढा. जिथे वेगळं निघेल तिथे थांबू.

भाऊजी: दर शनिवारी?

मी: दर शनिवारी. तिकडच्या वर्गाचे दोन दिवस वेगळे. त्यात तुमची ढवळाढवळ नको.

भाऊजी: पण शनिवारी तुम्ही ब्राउन बांधायचा. माझ्यासमोर व्हाइट चालणार नाही.

मी: बांधेन. आणि हेइआन गोदानमधली उडी मात्र राहू द्या, बेसमेंटचं छत खाली आहे.

भाऊजी: उडी उन्हाळ्यात मागच्या अंगणात घेऊ. तोवर टाचेची कंडराही तयार होईल. पहिल्या शनिवारी वॉर्मअप मी घेणार, पूर्ण वीस मिनिटं, आणि त्यात काटछाट नाही.